लाभ, दोन, तीन

१

देवासच्या टेकडीखाली वीस खाटांचं एक नर्सिंग होम आहे. तिथं दुपारी दोनला ऑपरेशन थिएटर सुरू व्हायचं आणि सुमंगला सिस्टरनं "बरोबर" म्हटल्याशिवाय डॉ. शालिग्राम पोट शिवायला सुई हातात घ्यायचे नाहीत. एकोणीस वर्षं हा शिरस्ता होता. मोठे डॉक्टर, इंदूरहून येणारे भूलवाले, सगळे त्या एका शब्दासाठी ताटकळत उभे राहायचे, आणि सुमंगलाला त्याचा थोडा माजही होता. असायचाच.

मोजायचे ते मॉप. मॉप म्हणजे जाड जाळीदार कापडाच्या वीतभर घड्या, पोटातलं रक्त टिपायला लागतात त्या. ऑपरेशनच्या आधी दहा मोजून ट्रॉलीवर मांडायच्या, भिजलेल्या खालच्या बादलीत पडायच्या, आणि शेवटी त्या उचलून परत दहा भरल्या की वहीत सही. कमी भरल्या तर एखादी आत राहिली, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मोजायची तिची रीत मात्र घरची होती. आजोबा सोनकच्छच्या मंडीत धान्याची मापं टाकायचे. पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणाले नाहीत. पहिलं माप 'लाभ', मग दोन, तीन, चार. एकानं सुरुवात केली तर रास एकटी पडते, म्हणायचे. आता थिएटर म्हणजे काही खळं नव्हे, पण जिभेचं वळण ते वळण. सुमंगला रक्ताळलेले मॉपसुद्धा लाभ, दोन, तीन असेच मोजायची.

त्या सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. शेवटी तिनं बादलीतले मॉप काढून खालच्या कापडावर मांडले आणि दहाला थांबायच्या ऐवजी अकरावर थांबली.

"काय झालं?" डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं.

"एक जास्त येतोय, साहेब."

"जास्तच ना? कमी तर नाही? मग लिहा दहा."

सगळे हसले. सुमंगलानं पुन्हा मोजले, अकराच. तिनं दहा लिहिलं आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मोजलं एक आणि लिहिलं दुसरं, आणि दिवसभर ते तिला खुपत राहिलं.

२

खुपायला आणखीही कारण होतं. ते दवाखान्याच्या ऑफिसात फायलीत पडलेलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी धारजवळच्या तिरल्याहून जानकीबाई नावाची बाई आली होती. मुलगी देवासला दिलेली, म्हणून ऑपरेशन इथं केलं. गर्भाशयाची पिशवी काढली, सातव्या दिवशी टाके काढले, बाई पाया पडून घरी गेली. तेव्हापासून तिचं पोट दुखायचं थांबलं नव्हतं. ताप यायचा. बेंबीच्या डाव्या अंगाला गाठ लागायची. धारच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली, बाई वाळत चालली. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, गाठ आहे खरी, पण अंगात ताकद नाही. पहिल्या ऑपरेशनात काही आत राहिलंय असं पक्कं कळलं तर जोखीम घेऊन उघडू. नुसत्या संशयावर उघडलं आणि बाई टेबलावर गेली तर?

मुलगा संग्राम मोटारपंप दुरुस्त करणारा, रोखठोक माणूस. त्यानं ग्राहक आयोगात दावा लावला की आईच्या पोटात कापड राहिलंय. दवाखान्याचं त्यावर एकच उत्तर होतं, मॉपच्या वहीतलं त्या दिवसाचं पान. आत दहा, बाहेर दहा. खाली सुमंगलाची सही.

पुढच्या गुरुवारी सुनावणी होती. मोजणी चुकलेली नाही, असं शपथपत्र सुमंगलानं द्यायचं होतं. त्यासाठी वकीलसाहेब सोमवारपासून रोज दीड वाजता येऊन बसायचे आणि तिला तेच तेच विचारायचे. म्हणून ट्रॉली मांडायचं काम त्या आठवड्यात उर्वशी सिस्टरकडे होतं. उर्वशी मूळची गंधवानीकडची, हसरी, कामाला वाघीण. इतके दिवस ती वॉर्डात होती.

मंगळवारी पुन्हा अकरा भरले. डॉक्टर पुन्हा म्हणाले, दहा लिहा.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. सुमंगलाला त्या रात्री झोप लागली नाही. जास्त भरण्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं, हे तिला कळत होतं. पण एक वस्तू वाढते म्हणजे ती कुठून तरी येते, आणि ती कुठून येते हे माहीत नसताना स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

३

बुधवारी ती वकिलांना "दोन मिनिटं" म्हणून उठली आणि थिएटरच्या दारात येऊन उभी राहिली. उर्वशी पाठमोरी होती. निर्जंतुक केलेल्या ड्रममधून एकेक मॉप काढून ट्रॉलीवर ठेवत मोठ्यानं मोजत होती.

"लाभ." पहिला मॉप ठेवला. "एक." दुसरा ठेवला. "दो. तीन. चार..."

"दस" म्हणून उर्वशी थांबली. ट्रॉलीवर अकरा मॉप होते.

सुमंगलाचा जीव भांड्यात पडला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! भूत नाही, खेत नाही, उर्वशीबाईंचं गणित. तिला हसूच आलं.

"अगं उर्वशी, लाभ म्हणजेच एक. लाभच्या पुढं दोन यायला हवं."

उर्वशी वळली. "ऐसा क्या? मला वाटलं, लाभ म्हणजे शुभ के लिए बोलायचं, फिर गिनती शुरू. दीदी, तुम्हीच तर सांगितलं होतं. पहले लाभ बोलना, एक से शुरू नहीं करना."

"मी कधी सांगितलं?"

"मी पहिल्यांदा थिएटरला आली तेव्हा, फोन पे. तुमको देर हो गई थी ना, भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी. ट्रॉली मीच लावली होती. वो तिरलावाली बाई का ऑपरेशन था."

हसू सुमंगलाच्या ओठांवर तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायला तिला सुचेना.

अकरा मॉप आत गेले होते. उर्वशीनं वहीत दहा लिहिलं होतं. सुमंगला धावतपळत पोचली ती पोट शिवायची वेळ आली तेव्हा, आणि तिनं लाभ, दोन, तीन करत दहा मोजले, बरोबर म्हणाली, आणि सही केली. दोघींपैकी एकीनंही कामचुकारपणा केला नव्हता, आणि तरी एक कापड जानकीबाईच्या पोटात शिवलं गेलं होतं.

"दीदी, क्या हुआ?" उर्वशीनं विचारलं.

"काही नाही," सुमंगला म्हणाली. तिला भयंकर भीती वाटली.

४

त्याच दुपारी तिनं डॉक्टरांना केबिनमध्ये गाठून सगळं सांगितलं. शालिग्राम डॉक्टर वाईट माणूस नव्हते. सुमंगलाच्या नवऱ्याला हार्टचा झटका आला तेव्हा स्वतः गाडी चालवत इंदूरला घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उर्वशीला नक्की आठवतंय? आठ महिन्यांपूर्वी मोजताना काय बोलली ते?"

"साहेब, ती आजही तशीच मोजते."

"सुमंगलाबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या गुरुवारची तारीख होऊन जाऊ द्या. मग मी स्वतः त्या बाईला बोलावून घेतो, इथंच उघडतो, गुपचूप काढतो. तिचंही भलं, आपलंही. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

आठ दिवस. ऐकायला काही फार वाटलं नाही. आठ महिने काढले तिथं आठ दिवस काय, असं सुमंगलानं स्वतःला समजावलं. चूक तिची, नाव तिचं, नोकरी तिची. ती गप्प राहिली. पुढं काय झालं त्याचा दोष कुणाला द्यायचा तो द्या, पण गप्प ती स्वतः राहिली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिनं वकिलांना थांबवून ठेवलं आणि ट्रॉली स्वतः मांडली. लाभ, दोन, तीन, दहा. उर्वशीला मोजायला लावले, एक, दो, दस. भूलवाल्या डॉक्टरांनाही बोलावून दाखवले. ते म्हणाले, सिस्टर, तब्येत बरी आहे ना?

ऑपरेशन अपेंडिक्सचं होतं, अर्ध्या तासाचं. तीनच्या सुमाराला ती बादलीपाशी बसली. पांढऱ्या बल्बाचा उजेड, एसीची घरघर, मागं मॉनिटरची टिकटिक, सगळं रोजचंच. तिनं एकेक मॉप काढून मांडला. दहा झाले. बादलीत आता काही असायचं कारण नव्हतं. पण तळाशी काहीतरी पांढुरकं दिसत होतं.

तिनं हात घातला. ती बादली वीतभर खोल. सुमंगलानं एकोणीस वर्षांत हजारदा तिच्यात हात घातला होता आणि मनगटाच्या वर कधी गेला नव्हता. आज तो गेला. बोटांना तळ लागेना. ऊब लागली. कोपर कडेला टेकलं तेव्हा कुठं कापड चिमटीत आलं, आणि ते सहज आलं नाही. ओढावं लागलं.

बाहेर काढलं तर मॉपच होता. पण दवाखान्यात हल्ली निळा धागा विणलेले मॉप यायचे, सहा महिने झाले. हा जुना, पांढऱ्या फितीचा, ती खेप केव्हाच संपली होती. रक्त नव्हतं त्याला. पिवळट होता, आणि एसीच्या गारठ्यात तो हातात ऊन लागत होता, अंगातून नुकताच निघाल्यासारखा.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अकरा, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी खाली पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. "दहा लिहा," ते म्हणाले.

हात धुताना सुमंगलानं बाही पाहिली. कोपरापर्यंत ओली होती. तिनं बादली उलटी करून तळ ठोकून पाहिला. बादलीच होती, साधी स्टीलची.

मनाचे खेळ, तिनं ठरवलं. चोराच्या मनात चांदणं. अपराध डोक्यात बसला की डोळे तेच दाखवणार. जुना मॉप एखाद्या ड्रमच्या तळाशी राहिला असेल. हात गरम पाण्यातून आला असेल. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं.

शुक्रवारी तेच झालं. शनिवारीही. रविवारी थिएटर बंद असतं. सोमवारी हात दंडापर्यंत गेला, आणि जे निघालं ते कापड होतं की नाही हे तिनं नीट पाहिलं नाही. ते मऊ होतं, जड होतं, आणि तिनं ते न मोजताच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं. मंगळवारी तर तिनं डोळे मिटूनच घेतले. ओढताना ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "उद्या नाही. उद्यापासून नाही येणार." आपण कुणाला सांगतोय, हे तिला माहीत नव्हतं.

शपथपत्र टाइप होऊन आलं होतं. वकिलांनी सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती.

५

बुधवारी सकाळी तिनं उर्वशीला फोन करून रजा सांगितली आणि इंदूरची बस धरली. इंदूरला बदलली, धारला पुन्हा बदलली. सगळ्या रस्त्यानं ती मनात वाक्य जुळवत होती, आणि प्रत्येक स्टँडवर परत फिरावंसं वाटत होतं. तिरल्याला उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते.

संग्रामचं घर पंपाच्या दुकानामागंच होतं. तो बाहेर मोटार उघडून बसला होता. तिला त्यानं लगेच ओळखलं.

"दवाखान्याची माणसं आता घरी पण यायला लागली? समझोता नाही करायचा आम्हाला. उद्या ग्राहक फोरममध्येच बोलू."

"समझोता नाही, भिया. मोजणी चुकली होती. अकरा आत गेले, दहा बाहेर आले. एक कापड तुमच्या आईच्या पोटात आहे. मी लिहून द्यायला आले."

संग्रामच्या हातातला पाना तसाच राहिला.

तिनं तिथंच पायरीवर बसून लिहिलं. हिंदीत लिहिलं, कारण संग्राम मराठी बोलायचा झकास, पण वाचताना अडखळायचा. लाभ काय, एक काय, कुणी कसं मोजलं, सगळं लिहून खाली सही केली. त्यानं दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले, आणि मग त्यातला राग वर आला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या बुधवारी."

"मागच्या बुधवारी! मागच्या बुधवारपर्यंत आई हातानं पाणी पीत होती, बाई. गुरुवारी दुपारी तीनला एकदम ओरडली आणि तेव्हापासून पडली ती उठलीच नाही. आठ दिवस काय केलं तुम्ही?"

गुरुवारी दुपारी तीन, एवढंच सुमंगलाच्या कानात राहिलं. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या खाली दुसरंच काहीतरी वाटलं, जे तिला नाव देऊन बघायचं नव्हतं.

संग्रामनं कागदाचा फोटो काढून इंदूरच्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. आत्ताच घेऊन या, टेबल तयार ठेवतो. तो चौकातून गाडी आणायला धावत सुटला. जाता जाता म्हणाला, "आईपाशी बसा तोवर. एवढं तरी करा."

६

आतली खोली अरुंद होती. एक खिडकी, एक पंखा, रुंद पट्ट्यांनी विणलेली निवारीची खाट. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी जानकीबाईंच्या अंगावर छातीपर्यंत गोधडी होती. चेहरा बघवत नव्हता, पण डोळे स्वच्छ होते.

"या सिस्टरबाई," त्या म्हणाल्या. "आज जल्दी आलात. तीन नाही वाजले अजून."

सुमंगला दारातच थांबली. तापात माणूस काहीही बोलतं. तिनं हे एकोणीस वर्षं पाहिलं होतं.

"मी पहिल्यांदाच येतेय, जानकीबाई. तुम्हाला इंदूरला न्यायला गाडी येतेय. आता बरं वाटेल तुम्हाला."

"पहिल्यांदा?" बाई हसल्या. हसणं साधं, ओळखीचं. "अशा काय करता. बिफेपासून रोज येता नी तुम्ही. इतवारी तेवढ्या नाही आल्या. हिरवे कपडे घालून येता, इथं बसता. हात लई थंड असतो तुमचा."

बिफे म्हणजे गुरुवार. सुमंगलानं न ठरवता बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार. पाच.

कापड तर एकच राहिलं होतं.

ती खाटेजवळ बसली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं नेहमीच्या सवयीनं गोधडी सारखी केली. गोधडी छातीवरून खाली आली आणि बरगड्या संपल्या तिथं सपाट झाली. कमरेपर्यंत सपाट. आजारपणात पोट खपाटीला जातं, तिनं स्वतःला सांगितलं, तिनं अशी पोटं पाहिली होती. नाडी बघतात तितक्या हलक्या हातानं तिनं गोधडीवर पंजा टेकवला, डावीकडे, जिथं गाठ असायला हवी होती.

पंजा खाली गेला. आणखी खाली गेला. मग त्याला निवारीच्या पट्ट्या लागल्या, आडव्या-उभ्या, एकेक मोजता येतील अशा.

जानकीबाई तिच्याकडे शांतपणे बघत होत्या. त्यांचा श्वास चालू होता. छाती वरखाली होत होती.

"आता काही राहिलंय का, बाई?" त्यांनी विचारलं.

बाहेर गाडी थांबली. दार आपटलं. संग्राम कुणाला तरी हाका मारत होता, स्ट्रेचर नाही तर खाटच उचला म्हणत होता. सुमंगलाला हात काढून घ्यायचा होता. तो निघत नव्हता.

"मी लिहून दिलंय," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "सगळं खरं लिहून दिलंय, जानकीबाई. आता इंदूरचे डॉक्टर बघतील. मी उद्यापासून नाही येणार. शपथ घेऊन सांगते, नाही येणार."

जानकीबाईंनी वाळलेला हात काढून तिच्या मनगटावर ठेवला आणि समजूत घालावी तसं थोपटलं.

"काल पण हेच म्हणाला होतात तुम्ही."